सांगलीतला कॅसिनो कम्प्लायन्सचा कोर्स: केज पक्की, संशयाचा अहवाल कच्चा

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. राज्याने १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांसाठी कायदा केला, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. तरी विश्रामबागेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कॅसिनो कम्प्लायन्सचा, म्हणजे कॅसिनोत कायद्याचे नियम पाळले जातात ना हे पाहण्याच्या कामाचा, कोर्स चालतो आणि जागा भरतात. बी.कॉम. किंवा हॉटेल मॅनेजमेंट करून पणजीत नोकरी शोधणारी मुलं सांगली-मिरजेत आहेत, आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर कॅशिअर, सर्व्हेलन्स, कम्प्लायन्स अशी कामं असतात. सराफ कट्ट्यावरच्या आणि विट्याच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातल्या हिशेबनिसांनाही इथे यायचं कारण आहे. मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत कॅसिनो २००९ च्या दुरुस्तीने आले, तर सोन्या-चांदीचे व्यापारी डिसेंबर २०२० मध्ये.

कोर्स चार शनिवार-रविवारचा आहे. एकूण आठ वर्ग, प्रत्येक तीन तासांचा. फी साडेसहा हजार, जागा वीस, सोबत १४० पानांच्या स्पायरल नोट्स. शिकवणारे दोघे: एकांनी केजवर, म्हणजे कॅसिनोच्या रोकड खिडकीवर काम केलेलं आहे, दुसरे सीए आहेत. बोलणं मराठीत आणि शब्द धंद्यातले, त्यामुळे कुठे अडत नाही. शेवटी मिळणारं प्रमाणपत्र हा कुठलाही सरकारी परवाना नव्हे आणि हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, ते बरं करतात.

पहिल्या दोन वर्गांत कायदा येतो. सीए सर फळ्यावर तीन आकडे एकाखाली एक लिहितात आणि आठही दिवस ते पुसत नाहीत. पहिला ५० हजार: एका व्यवहारात किंवा जोडून केलेल्या व्यवहारांत रक्कम तिथे पोचली की ओळख तपासायची. दुसरा २ लाख: आयकर कायद्याप्रमाणे एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगासाठी एवढी किंवा याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही, आणि दंड भरतो तो घेणारा, घेतलेल्या रकमेइतकाच. तिसरा १० लाख: याहून मोठा रोख व्यवहार, किंवा महिन्याभरात एकमेकांशी जोडलेले आणि मिळून १० लाखांवर जाणारे लहान रोख व्यवहार, यांची माहिती पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे असे अहवाल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाला, कळवायची. चौथी ओळ आकड्याविना आहे. संशयास्पद व्यवहाराला किमान रक्कम नसते, आणि नुसता प्रयत्न करून माणूस निघून गेला तरी तो कळवावा लागतो.

ही मांडणी चोख आहे. नोट्सच्या २३ व्या पानावर मात्र १० लाखांचा नियम अर्धाच छापलाय. तिथे फक्त 'एक व्यवहार १० लाखांपेक्षा जास्त' एवढंच आहे, जोडलेल्या व्यवहारांचा भाग गळलाय, आणि प्रत्यक्षात घोळ तिथेच होतो. महिन्यात सहा रात्री येऊन दर वेळी १ लाख ९० हजार रोख देणारा माणूस घ्या. एकाही रात्री तो २ लाखांना शिवत नाही, पण महिन्याची बेरीज ११ लाख ४० हजार होते. रोजच्या बेरजेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कधीच दिसणार नाही. वर्गात हे तोंडी सांगतात, म्हणून नोट्सवर विसंबून वर्ग बुडवू नका.

या कोर्सची खरी किंमत तिसऱ्या ते पाचव्या वर्गात वसूल होते. खोलीच्या एका कोपऱ्यात ॲक्रिलिकची काच लावून केज उभी केली आहे, समोर दोन टेबलं, रंगीत चिप्स (खेळात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या), खोट्या नोटांची बंडलं आणि छापील लॉगशीट. सहा विद्यार्थी गिऱ्हाईक होतात, दोघे केजवर, दोघे टेबलावर, बाकीचे कॅमेऱ्याच्या जागी बसून लिहितात. दोन तासांत अख्खी रात्र वठवतात. लॉगवर प्रत्येक रोख व्यवहाराला वेळ, रक्कम, आत आली की बाहेर गेली, टेबल नंबर, ओळखपत्राचा नंबर आणि लिहिणाऱ्याची सही लागते. ५० हजारांच्या आतलं गिऱ्हाईक नाव सांगत नसेल तर वर्णन लिहायचं: अंदाजे वय, शर्टाचा रंग, चष्मा, कुठल्या कॅमेऱ्यात दिसतोय. 'उंच माणूस' असं लिहिलेलं वर्णन सर परत करतात, कारण तासाभराने दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाला त्यावरून कोणीच ओळखता येत नाही.

आत आलेली आणि बाहेर गेलेली रोकड वेगळ्या रकान्यांत लिहायला लावतात. दोन्हींची वजाबाकी करून 'निव्वळ' आकडा ठेवला की महिन्याभरात पाच लाख आणून साडेचार लाख घेऊन गेलेला माणूस ५० हजारांचं गिऱ्हाईक दिसतो. नव्या कॅशिअरला ही सवय रोजमेळामुळे लागलेली असते, ती इथे मोडून काढतात.

शिफ्ट बदल आणि मध्यरात्र मुद्दाम सरावाच्या मध्यावर आणली आहे, कारण चुका तिथेच होतात. ११ वाजून ४० मिनिटांनी १ लाख ९० हजार, १२ वाजून २० मिनिटांनी पुन्हा तेवढेच. तारखा दोन झाल्या, पण माणूस त्याच खुर्चीवर आहे आणि कॅसिनोचा 'गेमिंग डे' सकाळपर्यंत चालूच असतो. म्हणून लॉगवर तारीख आणि गेमिंग डे असे दोन रकाने आहेत, आणि दुसरी रक्कम घेण्याआधी शिफ्ट मॅनेजरला बोलवायचं असा दंडक आहे. जुनी शिफ्ट उठताना लॉग तोंडी समजावून न देता दोन सह्यांनी सोपवायचा. एवढी शिस्त शिकूनच मुलगा खिडकीवर बसला तर त्याचा वरिष्ठ निर्धास्त राहील.

नावांचा सरावही नेमका आहे. आपल्याकडे पाटील आणि माने यांची कमी नाही. एकच माणूस पॅनवर 'संजय रामचंद्र पाटील', गाडीच्या लायसन्सवर 'पाटील संजय आर.' आणि हॉटेल बुकिंगवर नुसता 'संजय' असतो. नावावरून बेरीज केली तर त्याची तीन माणसं होतात, किंवा तीन वेगळे पाटील एकात मिसळतात. जुळवणी पॅन नंबर आणि जन्मतारखेवर करायची, नाव फक्त वाचायला. आधारची प्रत ठेवायची तर पहिले आठ अंक झाकून. गोव्यात प्रवेशाचं वय २१ आहे आणि स्थानिक गोवेकरांना आत बंदी आहे, म्हणून जन्मतारीख आणि पत्ता दारावरच वाचायचे, केजपर्यंत थांबायचं नाही.

पाचव्या वर्गातलं 'हरवलेल्या चिप्स'चं गणित फार मोलाचं आहे. गिऱ्हाइकाने १ लाख ९० हजार रोख आणि ३ लाख १० हजार कार्डाने देऊन ५ लाखांच्या चिप्स घेतल्या. टेबलावर चाळीस मिनिटं बसला, पिट सुपरवायझरच्या, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याच्या, नोंदीप्रमाणे ३० हजार हरला, केजवर ५० हजारांच्या चिप्स मोडल्या. मग ४ लाख २० हजारांच्या चिप्स गेल्या कुठे? खिशात, किंवा सोबत्याकडे. आठवड्याने तो सोबती त्या आणून 'जिंकलो' म्हणत बँकेत रक्कम मागतो, आणि कुठून आले हे न सांगता येणारे पैसे कॅसिनोच्या नावाने पांढरे होतात. हे पकडायला टेबलाची नोंद, केजचा लॉग आणि कॅमेरा एकत्र वाचावे लागतात. दोघांनी ठरवून रूलेटवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या खेळात, एकाने लाल आणि दुसऱ्याने काळं लावणं हाही त्यातलाच प्रकार. तोटा फक्त शून्य आल्यावर, बाकी चिप्स एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात. तेही करून दाखवतात.

सहाव्या वर्गापासून कोर्स ढिला पडतो. पैसे आले कुठून, हा प्रश्न केवायसीच्या झेरॉक्सवर संपवला आहे. सांगलीत बसून शिकवताना तर हा भाग सर्वांत दमदार व्हायला हवा होता. 'शेतीचे पैसे आहेत' हे उत्तर इथून जाणारं गिऱ्हाईक सहज देईल, शेती उत्पन्नाला आयकर नाही, आणि ते तपासायचं कसं हे आपल्या मुलांना कोणापेक्षाही चांगलं कळतं. दोन एकर ऊस म्हणणाऱ्याला एकरी ५० टन धरा, टनाला ३ हजार रुपये धरा, वर्षाचे ३ लाख झाले, त्यातून खत, पाणी आणि मजुरी जायची आहे. शिवाय उसाचं बिल कारखाना बँक खात्यात जमा करतो. तो माणूस महिन्याला ९ लाख रोख आणत असेल तर ऊस हे उत्तर होऊच शकत नाही. हळद म्हणणाऱ्याकडे अडत्याची पट्टी असते, तिच्यावर पोती, वजन, दर आणि तारीख असते. जमीन विकली म्हणणाऱ्याकडे खरेदीखताची प्रत असते. असे चार प्रश्न आणि चार कागद यांचा एक वर्ग सहज होईल. आयोजकांनी पुढच्या बॅचला तो घ्यावाच.

संशयाच्या अहवालाचं शिक्षण त्याहून तोकडं आहे. एक छापील फॉर्म देतात, त्यात खुणा करायच्या आणि खाली दोन ओळी. विद्यार्थ्याने लिहिलेली 'गिऱ्हाइकाचं वागणं संशयास्पद वाटलं' ही ओळ वर्गात मान्य झाली, ती व्हायला नको होती. तपास करणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. तीच गोष्ट अशी लिहायला हवी: 'किराणा दुकानदार असल्याचं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाने ३ ते २४ तारखेदरम्यान सहा वेळा प्रत्येकी १ लाख ९० हजार रोख दिले. ओळखपत्र तपासण्यास वेळ लागेल म्हटल्यावर १९ तारखेला रक्कम परत घेऊन निघून गेला, अर्ध्या तासाने त्याच गाडीतून उतरलेल्या दुसऱ्या व्यक्तीने तेवढीच रक्कम दिली. खेळ प्रत्येक वेळी एका तासाच्या आत, तोटा १० हजारांच्या आत.' कोण, कधी, किती, कसं, आणि नेहमीपेक्षा वेगळं काय, हे सगळं त्यात आलं. अहवाल पाठवलाय हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, हे मात्र नीट ठसवतात. खिडकीवर कोणती वाक्यं बोलायची नाहीत याचीही यादी देतात.

सातव्या वर्गात परदेशातले दंड सांगतात. ॲटलांटिक सिटीच्या ट्रम्प ताजमहाल कॅसिनोला २०१५ मध्ये १ कोटी डॉलर, ऑस्ट्रेलियात क्राउनला २०२३ मध्ये ४५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, लास वेगासच्या रिसॉर्ट्स वर्ल्डला २०२५ मध्ये १ कोटी ५ लाख डॉलर. आकडे बरोबर आहेत, पण नुसते आकडे ऐकून मुलं घाबरतात आणि विसरतात. ताजमहालला रोख व्यवहार न कळवल्याबद्दल १९९८ मध्येही दंड झाला होता. रोग जुना होता, तपासण्यांत दाखवलाही होता, आणि तो तसाच राहिला. तपासणीत निघालेली त्रुटी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करायची आणि ती झाली हे कोणी पाहायचं, याचं साधं रजिस्टर शिकवलं असतं तर त्या दंडाचा उपयोग झाला असता. दुसरी राहिलेली गोष्ट म्हणजे बक्षिसाची. मोठी गिऱ्हाइकं आणणाऱ्या होस्टला त्यांच्या खेळावर कमिशन असतं, म्हणून गिऱ्हाईक ठेवायचं की नाकारायचं हा निर्णय त्याच्या हाती देता येत नाही. प्रधान अधिकाऱ्याला, म्हणजे अहवाल पाठवण्याची जबाबदारी असलेल्या माणसाला, मार्केटिंगला न विचारता थेट संचालकांकडे जाता आलं पाहिजे. नोट्समध्ये त्याचं पद आहे, अधिकार नाहीत.

काही पानं जुनी झाली आहेत. जीएसटी २८ टक्के छापलाय. कॅसिनोवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. पैसे लावून खेळायच्या ॲपवरचं दहा पानांचं प्रकरण तर काढूनच टाकावं, कारण ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्या खेळांवर बंदी आली. रोख व्यवहार कळवायची अमेरिकेची १० हजार डॉलरची मर्यादा आपल्या आकड्यांच्या शेजारी त्याच तक्त्यात टाकलीय, त्यामुळे सरावात दोघा-तिघांचा गोंधळ उडतो.

काउंट रूमचा, म्हणजे रोकड मोजायच्या खोलीचा, भाग छोटा पण ठीक: ड्रॉप बॉक्सच्या (टेबलाला लावलेल्या रोख पेट्यांच्या) किल्ल्या वेगवेगळ्या विभागांकडे, मोजायला किमान तिघे, टेबलाला चिप्स दिल्या की स्लिपवर डीलर आणि सुपरवायझर दोघांच्या सह्या. सॉफ्टवेअर म्हणून एक्सेलची फाइल दाखवतात, शिकण्यापुरती चालते.

केज, दार किंवा सर्व्हेलन्सची नोकरी धरायची असेल तर हे साडेसहा हजार सत्कारणी लागतील. कम्प्लायन्स विभागातच बसायचं असेल तर अहवाल लिहायचा सराव दुसरीकडे करावा लागेल. सराफीतल्या हिशेबनिसांनी पहिले दोन आणि सहावा वर्ग केला तरी पुरे. विचारलं तर तेवढ्याच वर्गांची फी घेतात. प्रवेश घेताना बॅच किती जणांची आहे ते विचारा. वीसच्या बॅचमध्ये प्रत्येकाला केजवर जेमतेम पंचवीस मिनिटं मिळतात, बाराच्या बॅचमध्ये चाळीसच्या वर. आणि लॉग हाताने लिहायचा असल्याने कॅल्क्युलेटर सोबत न्या, तिथे दोनच आहेत.