तंबूसाठी कंदील आणि लाइट गेल्यावरचा कंदील: आधी बॅटरी बघा, मग उजेड

कॅम्पिंगला नेऊ तोच कंदील लाइट गेल्यावर घरात वापरू, असं ठरवून बहुतेक जण खरेदीला निघतात. विचार चांगला आहे, पण दोन्ही कामांच्या गरजा जवळजवळ उलट्या आहेत. पवनेला किंवा भंडारदऱ्याला जायचं तर कंदील आदल्या रात्री चार्जिंगला लावता येतो, आणि रविवारी संध्याकाळी माणूस घरी असतो. घरातला कंदील मात्र सहा-सहा महिने कपाटात पडून राहतो. चक्रीवादळाचा इशारा निदान आधी मिळतो, पण रात्रीतून चढणारं पाणी किंवा तारेवर पडलेलं झाड असा अवधी देत नाही. म्हणून माझ्या मते खोक्यावरचे लुमेन, म्हणजे उजेड किती त्याचा आकडा, सगळ्यात शेवटी वाचावेत. आत बॅटरी कोणती आहे, पडून राहिली तर तिचं काय होतं आणि संपली तर पुन्हा कशी भरणार, हे तीन प्रश्न आधी.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे लाइट तासांसाठी जाते की दिवसांसाठी? पुण्या-ठाण्यात ती बहुधा दोन-चार तासांत येते. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याआधी ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगली. अशा ठिकाणी ‘फुल चार्जवर बारा तास’ म्हणजे तीन-चार संध्याकाळी, मग अंधार. गावी आईवडील राहत असतील तर त्यांच्यासाठीचा कंदील तुमच्या फ्लॅटमधल्या कंदिलापेक्षा वेगळा असायला हवा.

चार्जिंगचा लिथियम की मोठ्या सेलचा?

खरी निवड या दोघांत आहे, म्हणून यांचा हिशेब नीट मांडतो.

बाजारातले बरेचसे यूएसबी कंदील ४४०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या, म्हणजे ४.४ अँपिअर-तासांच्या) आसपासचे असतात. नुसत्या एमएएचवरून काही कळत नाही, व्होल्टेजने गुणावं लागतं. लिथियम सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे ३.७ गुणिले ४.४, साधारण १६ वॉट-तास इतकी ऊर्जा. चांगला एलईडी कंदील एका वॉटमध्ये ८० ते १०० लुमेन देतो असं धरलं, तर १०० लुमेनचा उजेड १२ ते १५ तास मिळेल. ‘१०० तास’ असं छापलेलं असेल तर ते सगळ्यात मंद उजेडावरचं आहे. शिवाय टॉर्च-कंदिलांसाठी जे अमेरिकी मानक सर्रास वापरलं जातं, त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचे सगळे तास मोजायची मुभा आहे. १०० लुमेनचा कंदील १० लुमेनवर आला तरी कागदोपत्री तो चालूच असतो.

आता मोठ्या सेलचा, म्हणजे जाड ‘डी’ सेलचा कंदील घ्या, तीन सेलवाला. चांगल्या अल्कलाइन मोठ्या सेलमध्ये संथ वापरात १५ वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मिळते, म्हणजे तिघांत मिळून ४५. वरच्या लिथियम कंदिलाच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय सेल संपले की नवे घालायचे आणि कंदील पुन्हा चालू. किराणा दुकानात मिळणारे साधे जस्त-कार्बनचे सेल स्वस्त असतात, पण त्यांत अल्कलाइनच्या निम्मीही ऊर्जा नसते आणि ते लवकर पाझरतात. अडीअडचणीला ठीक. साठवून ठेवायला अल्कलाइनच घ्या, पाकिटावरची मुदत बघून. न उघडलेलं पाकीट कोरड्या जागी कित्येक वर्षं टिकतं.

वजनात मात्र हा कंदील हरतो. एक मोठा अल्कलाइन सेल १४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसते सेलच ४२० ग्रॅम. लिथियमचे दोन सेल मिळून शंभर ग्रॅमही भरत नाहीत. राजमाची चढताना पाठीवरचा हा फरक कळतो. गाडी तंबूपर्यंत जात असेल तर वजनाचा विचारच करू नका.

खर्चाचं गणित वेगळं. दर महिन्याला बाहेर पडणाऱ्याला अल्कलाइन सेल परवडत नाहीत आणि संपलेले सेल टाकायचे कुठे, असा प्रश्न पडण्याइतके जमा होतात. चार्जिंगचा कंदील वर्षाच्या आत पैसे वसूल करतो. वर्षातून दोनदाच लागणाऱ्या घरात याच्या उलट.

संपण्याची तऱ्हाही वेगळी आहे. सेलचा साधा कंदील हळूहळू मंदावतो, म्हणजे सांगून संपतो. लिथियमचे बरेच कंदील शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतात आणि मग फटकन बंद होतात, कारण आतली सुरक्षा-सर्किट बॅटरी पार रिकामी होऊ देत नाही. म्हणून लिथियम घेताना किती चार्ज उरला हे दाखवणारे तीन-चार दिवे असलेलाच घ्या. ‘लाल दिवा लागला की चार्ज करा’ एवढ्यावर भागत नाही.

पडून राहण्याचं बघू. लिथियम स्वतःहून फार कमी उतरतो, पण बटणाच्या कंदिलात सर्किट बंद असतानाही थेंब-थेंब वीज खात असतं. दर तीन महिन्यांनी एकदा लावून बघायचा आणि अर्ध्याखाली असेल तर भरायचा. पूर्ण रिकामा ठेवला तर मरतो, शंभर टक्के भरून मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवला तरी आयुष्य घटतं. सेलच्या कंदिलाची भीती दुसरी आहे, गळतीची. सेल आत ठेवून विसरलं की स्प्रिंगवर पांढरी भुकटी धरते आणि पत्रा खाते. सेल बाहेर काढून त्याच कंदिलाला रबर लावून बांधून ठेवा. अंधारात शोधायची वेळ येणार नाही आणि कंदीलही वाचेल. अल्कलाइनची भुकटी धरलीच तर हातमोजे घालून कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसा, वाळू द्या, बहुतेकदा कंदील परत चालू होतो. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. गळती बहुधा त्यातूनच सुरू होते.

पेन्सिल सेलवाले छोटे कंदील

ट्रेकरसाठी हा मधला मार्ग आहे. तीन अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये मिळून ९ वॉट-तासांच्या आसपास, म्हणजे ५० लुमेनवर बारा-पंधरा तास. वजन नगण्य. पेन्सिल सेल गावागावांत मिळतात, आणि घड्याळ, रिमोट, हेडटॉर्च यांच्याशी अदलाबदल होते. पुन्हा भरता येणारे निकेलचे पेन्सिल सेल घेतले तर खर्चही आटोक्यात. त्यांतले कमी उतरणारे, एनेलूप या ब्रँडसारखे, वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात, जुन्या पद्धतीचे दोन-तीन महिन्यांत अर्धे होतात. फक्त हे सेल १.५ नव्हे, १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही स्वस्त कंदील त्यांच्यावर मंद जळतात. घ्यायच्या आधी खोक्यावर तसा उल्लेख शोधा. बारीक पेन्सिल सेलचे कंदील मी सुचवणार नाही. आकार गोड असतो, पण दोन संध्याकाळीही धड जात नाहीत.

भिंतीवरचा इमर्जन्सी लाइट, बल्ब आणि सोलर

प्लगला कायम लावून ठेवायच्या जुन्या इमर्जन्सी लाइटमध्ये शिसे-आम्लाची बंद बॅटरी असते. जड, आणि रिकामी राहिली की आत गंधकाचे क्षार धरून ती निकामी होते. स्वस्त लाइटमध्ये चार्जिंग आपोआप थांबत नाही, मग सतत लावून बॅटरी फुगते. नवा घेताना हा प्रकार टाळा. घरात असलेला चालत असेल तर दर दोन महिन्यांनी एकदा वापरून पुन्हा भरा.

होल्डरमध्ये बसणारा इन्व्हर्टर बल्ब फ्लॅटसाठी मला मनापासून आवडतो. लाइट गेली की स्वतःहून चालू राहतो, चार्ज करायची आठवण ठेवावी लागत नाही, कारण रोजच्या वापरात तो भरतच असतो. बॅटरीवर उजेड बराच कमी होतो आणि तो तीन-चार तासच चालतो, पण शहरात तेवढं पुरतं. स्वयंपाकघरात एक आणि जिन्यात एक लावला की म्हातारी माणसं अंधारात चाचपडत नाहीत. कॅम्पिंगला मात्र उपयोग नाही.

सोलरची भुरळ सगळ्यांना पडते, म्हणून आकडे बघा. कंदिलाच्या डोक्यावरची चकती एक वॉटची असेल, तर स्वच्छ उन्हात दिवसभरात ४-५ वॉट-तास, वाटेतली गळती वजा जाता ३. आपला १६ वॉट-तासांचा कंदील भरायला पाच दिवस. पावसाळ्यात तर विचारूच नका, आणि कोकणात कंदील लागतो तो पावसाळ्यातच. ज्या कंदिलाला यूएसबी नाही, फक्त सोलर आहे, तो घेऊ नका. यूएसबीसोबत सोलर असेल तर चांगली जोड आहे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, जिथे ऊन भरपूर. हाताने फिरवायच्या हँडलवर भिस्त ठेवू नका. मिनिटभर फिरवून काही मिनिटांचा मंद उजेड मिळतो.

उजेड किती आणि कसला

घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब ८००-९०० लुमेनचा असतो, त्यामुळे २०० लुमेन ऐकून कमी वाटतं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तंबूत ३० ते ६० लुमेन भरपूर होतात, चूल-स्टोव्हपाशी १००-१५०, घरातल्या खोलीत जेवायला-बसायला २००. हजार लुमेनचा कंदील तंबूत डोळ्यांत खुपतो आणि शेजारच्यांची झोप मोडतो. त्यापेक्षा सर्वांत कमी पायरी किती कमी आहे ते बघा. ५-१० लुमेनची पायरी रात्रभर लावून ठेवता येते, लहान मूल सोबत असेल तर हाच उजेड सगळ्यात जास्त वापरला जातो.

काच दुधी हवी. पारदर्शक काचेतून एलईडीचे टोकदार ठिपके डोळ्यांत जातात आणि भिंतीवर चट्टेरी सावल्या पडतात. रंग पिवळसर, म्हणजे ३००० केल्विनच्या आसपासचा घ्या. पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या उजेडावर किडे जास्त येतात, पावसाळी रात्री ताटात पडतात. लाल उजेडाची सोय असेल तर उत्तमच. मेअखेर ते जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला जाणाऱ्यांना तर माझी कळकळीची विनंती आहे, पांढरा कंदील तिथे बाहेर काढूच नका. काजव्यांची नर-मादीची ओळख लुकलुकण्यावरच चालते, आपल्या उजेडात ती बुडून जाते.

आणि कोणताही कंदील घ्या, रात्री चालायला तो उपयोगी नाही. हातातल्या कंदिलाचा उजेड आधी स्वतःच्याच डोळ्यांत जातो, पुढची वाट दिसत नाही. त्यासाठी हेडटॉर्च वेगळी घ्यावीच लागते.

दुकानात हातात घेऊन बघायच्या गोष्टी

चार्जिंगचं भोक टाइप-सी आहे का बघा, आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावून बघा. कित्येक स्वस्त कंदिलांत त्यासाठी लागणारे छोटे रोधक (रेझिस्टर) घातलेले नसतात, मग ते फक्त जुन्या चौकोनी टोकाच्या केबलवर चार्ज होतात, नव्या मोबाइल चार्जरवर ढिम्म. हे रानात कळलं तर पंचाईत. भोकावरची रबरी टोपी घट्ट बसते का तेही बघा, कारण आयपीएक्स४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी सोसतो, पण टोपी उघडी राहिली तर तो आकडा निरर्थक. पावसाळ्यातल्या कोकणासाठी आयपीएक्स७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, मिळाला तर उत्तम. लिथियम बॅटरीवर आयएस १६०४६ हा सुरक्षा-मानकाचा क्रमांक आणि बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणीचा आर-नंबर असावा. बिननावाची बॅटरी उशाशी ठेवून झोपू नये.

हुक असा हवा की तंबूच्या माथ्यावरच्या दोरीत अडकेल, नुसतं जाड हँडल नको. मोबाइल चार्ज करून देणारे कंदील आकर्षक वाटतात, पण त्यापेक्षा वेगळी पॉवर बँक बरी. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास, त्यात आपला कंदील दीड वेळा तरी भरतो. लेह-मनालीला विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच ठेवायचे. थंडीत अल्कलाइन सेलही चटकन माघार घेतात, रात्री ते स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करून रात्री आठला मधल्या पायरीवर लावा आणि शेजारी वर्तमानपत्र ठेवा. बातमी वाचता येईनाशी झाली ती वेळ कंदिलाच्या बुडावर मार्करने लिहून ठेवा. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा तो आकडा कामाचा.

मग कोणी काय घ्यावं

शहरात राहून महिन्याला एखादा ट्रेक करणाऱ्याने टाइप-सी लिथियम कंदील घ्यावा, दुधी काचेचा, पिवळसर, खूप मंद पायरी असलेला, ४००० ते ५००० एमएएचचा, सोबत पॉवर बँक. घरासाठी दोन इन्व्हर्टर बल्ब. पाठीवर सगळं वाहून नेणाऱ्याने पेन्सिल सेलवाला छोटा कंदील, हेडटॉर्चलाही तेच सेल लागतील असा. कोकणात, गोव्यात किंवा पूररेषेजवळ घर असेल तर मोठ्या सेलचा कंदील आणि मे महिन्याच्या शेवटी आणलेला अल्कलाइन सेलचा एक जादा संच. लिथियम कंदील असला तरी हा हवाच. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी घेत असाल तर एकच बटण असलेला निवडा. तीन सेकंद दाबल्यावर रंग बदलणारे आणि दोनदा दाबल्यावर लुकलुकणारे कंदील त्यांच्या हातात देऊ नका, आणि सेल कुठल्या बाजूने घालायचे ते त्यांच्याकडून एकदा दिवसाउजेडी करून घ्या.