साडीच्या चिंध्यांचे कोस्टर: एक पावसाळा वापरून

आमचा टीपॉय फणसाच्या लाकडाचा आहे. सासऱ्यांनी घरामागच्याच झाडाचा करून घेतला आणि त्याला फ्रेंच पॉलिश दिलं. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे थरावर थर. दिसतं फार देखणं, पण त्याला गरम सोसत नाही आणि ओलही सोसत नाही. वाफाळता कप किंवा घाम सुटलेला ग्लास तसाच ठेवला की लाखेत ओल शिरते आणि पांढरं कडं उमटतं. अशी दोन कडी मे महिन्यात पाहुण्यांच्या गर्दीत उमटली, तेव्हा मी कोस्टर करायला बसले. विकत काही आणायचं नाही, घरात आहे त्यातूनच करायचं, एवढं ठरवलं होतं. चार प्रकार केले आणि जून ते सप्टेंबर, म्हणजे दापोलीचा अख्खा पावसाळा, रोज वापरून पाहिले.

रद्दीचे कोस्टर सगळ्यात आधी केले. वर्तमानपत्राच्या पट्ट्या विणायच्या सुईवर तिरक्या गुंडाळून नळ्या करायच्या, त्या चपट्या करून गोल वेटोळं घालायचं, पांढऱ्या गोंदाने चिकटवायचं आणि वरून वॉर्निश मारायचं. चौघांत हेच सुंदर दिसत होते. चौथ्या दिवशी त्यावर फ्रीजमधली बाटली राहिली आणि तासाभरात बाहेरचा वेढा सुटून वर आला. साधा पांढरा गोंद वाळल्यावर कितीही पक्का वाटला, तरी पाणी मुरलं की परत मऊ पडतो. दुसऱ्या संचाला फेविकॉल मरीन वापरला, तो पाण्यात टिकणारा प्रकार आहे. गोंद ही या सगळ्या खटाटोपात विकत आणलेली एकच गोष्ट, आणि तिचे पैसे वसूल झाले. चार महिन्यांत एकही सांधा सुटला नाही. पण खरी अडचण वेगळीच निघाली. वॉर्निशमुळे पाणी आत जात नाही, वरच साचतं. मग ग्लास उचलला की कोस्टर त्याच्या बुडाला चिकटून वर येतो आणि अर्ध्या वाटेत खाली पडतो.

न्हाणीघराच्या उरलेल्या चार इंची टाइल्सचंही तेच. खाली जुन्या ब्लँकेटचा तुकडा चिकटवला म्हणून लाकडाला ओरखडे पडले नाहीत, पण पाणी ओघळून टीपॉयवर यायचं ते आलंच. त्या टाइल्स आता स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीखाली आहेत आणि तिथे त्या अगदी चोख काम करतात. सुतळीचं वेटोळं ग्लू गनच्या गोंदाने केलं होतं. स्टीलच्या पेल्यातल्या गरम चहाने तो गोंद नरम पडला, शिवाय ओल्या सुतळीला वास येतो. ते मी बाद केलं.

आता साडीचे. सासूबाईंची एक सुती साडी होती, इतकी धुतलेली की हाताला मलमलीसारखी लागायची. मध्ये विरली होती, म्हणून त्यांनीच काढून दिली. लांबीकडून दीड मीटरचा तुकडा घेतला आणि त्याच्या दीड दीड इंचाच्या पट्ट्या फाडल्या. कात्रीने कापायच्या नाहीत, फाडायच्या. धाग्याच्या रेषेत सरळ जातात. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घातली की साधारण मीटरभर होते, आणि त्या वेणीचं वेटोळं बरोबर चहाच्या कपाला पुरेल एवढं, चार इंचांहून थोडं मोठं भरतं. तेवढ्या तुकड्यात सहा कोस्टर होऊन कापड उरलं.

शिवणं मात्र नीट शिकावं लागलं. वेणीचे दोन वेढे कडेला कड लावून गोधडीच्या जाड दोऱ्याने आतून टाके घालत जायचं. माझे पहिले दोन कोस्टर वाटीसारखे खोलगट झाले, कारण मी हातात धरून दोरा ओढत होते. पाटावर सपाट ठेवून शिवलं आणि बाहेरचा वेढा थोडा सैल सोडला, की ते बसतात. एकाला मला दीड तास लागतो. पहिला नीट जमलेला सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, "अगो, ही तर चुंबळच केलीस!" आणि खरंच, डोक्यावर हंडा घेताना खाली घ्यायची ती चुंबळ हीच, फक्त चपटी केलेली.

हे कोस्टर पाणी पितात. थंड कोकम सरबताचा ग्लास अर्धा तास ठेवून उचलला तरी खालचं लाकूड कोरडं, आणि कोस्टर जागचा हलत नाही. चहाचा कप ठेवताना आवाज होत नाही. मळले की इतर कपड्यांबरोबर धुवायला जातात. चार महिन्यांत टीपॉयवर एकही नवं कडं उमटलं नाही, आणि मला यांच्याकडून हवं होतं ते एवढंच.

उणीव आहे, तीही सांगते. आमच्याकडे जुलैत काहीच वाळत नाही. ओला कोस्टर तसाच टीपॉयवर राहिला तर खालून ओल धरतो आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो. म्हणून सहाचे बारा केले; सहा वापरात, सहा चुलीवरच्या दोरीवर. दुसरं, कापड जुनंच हवं. घाईत मी एक कोस्टर ओटीत आलेल्या कोऱ्या लाल ब्लाउजपीसचा केला. त्याचा रंग सुटला आणि पॉलिशवर लाल ओघळ उतरला, तो अजून पुसट दिसतो. शंभर वेळा धुतलेल्या साडीचा जायचा तेवढा रंग आधीच गेलेला असतो. सिंथेटिक साडी घेऊच नका. ती पाणी शोषत नाही आणि चुकून गरम पातेली ठेवली तर वितळते.

ज्यांच्या घरी लाकडाचा टीपॉय आणि कपाटात एखादी विरलेली सुती साडी आहे, त्यांनी हेच करावेत. काचेच्या टीपॉयला रद्दीचेसुद्धा चालतील, फक्त गोंद पाण्यात टिकणारा घ्या.

साडीचा पदर अजून शिल्लक आहे. त्याची जाड, नऊ इंची चुंबळ सध्या शिवते आहे, माठाखाली ठेवायला. शेवटचे तीन वेढे सासूबाई घालणार आहेत.