मिरर्स एज : उडी मारणे सोपे, उतरणे अवघड

देवगडला घराभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यांवरून उड्या मारतच लहानपण गेले असल्यामुळे असेल, पण गेममधला नायक कठड्यावरून झेप घेतो तेव्हा माझे लक्ष झेपेपेक्षा तो खाली कसा उतरतो याकडे असते. डाइस या स्वीडिश स्टुडिओचा 'मिरर्स एज' हा शहराच्या छपरांवरून धावण्याचा, उड्या मारण्याचा गेम २००८ साली कन्सोलवर आणि जानेवारी २००९ मध्ये संगणकावर आला. यंदाच्या पावसात, वीज असेल तेव्हा, तो मी पुन्हा पूर्ण केला.

फेथ या नायिकेच्या डोळ्यांनीच सारे दिसत असल्याने पडद्यावर तिचे फक्त हातपाय येतात. स्पेस हे वर जाण्याच्या सगळ्या हालचालींचे बटण, तर शिफ्ट खाली जाण्याच्या. उंचावरून पडताना जमीन येण्याच्या ऐन आधी शिफ्ट दाबली तर ती कोलांटी घेऊन उठते आणि वेग टिकतो; किंचित उशीर झाला की ती आपटते, आणि वेग पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो. भिंतीवर चढता चढता क्यू दाबून मागे वळायचे आणि पाठीमागच्या कठड्याकडे झेपावायचे, हे जमायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

२००७ च्या पहिल्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये बटण दाबून धरले की पात्र खाचा आपल्या आपण शोधते. ते चढणे म्हणजे एसटीत बसून फोंडा घाट चढण्यासारखे आहे : देखावा उत्तम, पाय मात्र दुखत नाहीत. वर आणि खाली जाण्यासाठी वेगळी बटणे त्या मालिकेत 'युनिटी'ने, २०१४ साली, दिली.

पांढऱ्याशुभ्र शहरात पुढची वाट लाल रंगाने दाखवली जाते. ही सोय बंद करता येते, पण पहिल्या खेपेस करू नये. नजर स्थिर राहावी म्हणून पडद्याच्या मधोमध एक बारीक ठिपका ठेवलेला आहे, तरीही माझी बहीण, जिला मालवणच्या होडीतही बोट लागते, पंधरा मिनिटांत उठून गेली. बंदूकधारी शिपायांशी होणाऱ्या मारामाऱ्या कंटाळवाण्या आहेत. शक्य तिथे पळून जावे.

खाऱ्या हवेने माझ्या कीबोर्डची डावी शिफ्ट चिकटू लागली आणि एकाच छपरावर फेथ चार वेळा आपटली, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन कोलांटीचे बटण मी बदलून घेतले.