शॅडो ऑफ नाइट : हरवलेल्या पोथीचा १५९० सालातला माग

डेबोरा हार्कनेस यांच्या ‘ऑल सोल्स’ कादंबरीमालिकेतला हा दुसरा भाग, २०१२ सालचा. पहिला भाग, ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ (२०११), वाचल्याशिवाय याला हात लावू नये. मागचं सांगायला लेखिका थांबतच नाही. पुस्तक उघडतं तेच डायना आणि मॅथ्यू काळात मागे जाऊन १५९० सालच्या इंग्लंडमधल्या वुडस्टॉकमध्ये एकमेकांवर कोसळतात तिथे. ती चेटकीण आणि किमयेच्या इतिहासाची अभ्यासक, तो पंधराशे वर्षांचा व्हॅम्पायर. दोघांना हवी आहे एक पोथी, ‘ॲशमोल ७८२’.

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाच्या सूचीत हा क्रमांक खरोखर आहे. पोथी मात्र बेपत्ता. रहस्याची खरी गंमत इथूनच. पोथ्या जमवणाऱ्या इलायस ॲशमोलचा जन्मच १६१७ सालचा, म्हणजे १५९० मध्ये हा क्रमांक अस्तित्वातच नाही. मग मागणीचिठ्ठीवर लिहायचं काय? पोथी त्या घडीला कोणाच्या ताब्यात असेल, हे माणसांवरून काढावं लागतं. आधी लंडनजवळच्या मॉर्टलेकला त्या काळचे विद्वान जॉन डी यांचं घर आणि लुटलं गेलेलं ग्रंथालय, मग तिथून प्राग, सम्राट रुडॉल्फ दुसरा आणि त्याच्या पदरचा किमयागार एडवर्ड केली. डी यांच्यावर हार्कनेस यांनी इतिहासकार म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. मॉर्टलेकच्या प्रकरणात ते जाणवतं.

बडोद्याच्या वाचकाला हा भाग जास्त भिडेल. ग्रंथालयं लावून द्यायला सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावलं, ते हे गाव. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत कपाटांच्या मजल्यांना जमीन काचेची, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. प्राच्यविद्या मंदिरातल्या पोथ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना एक फरक लगेच कळेल. आपली पोथी म्हणजे सुटी पानं, वरखाली फळ्या आणि बासन. पान गेलं तर पत्रांक मोजल्यावरच समजतं. शिवलेल्या पुस्तकातलं पान कापलं की शिवणीपाशी बारीक खुंट उरतो. पहिल्या भागात डायनाला असेच तीन पानांचे खुंट दिसले होते. ती पानं कोणी काढली, याचं उत्तर प्रागच्या प्रकरणांत मिळतं. इथे सांगत नाही.

प्रेमकथेची अडचण प्रत्येक दुसऱ्या भागाला असते: जोडी जमली, आता पुढे काय? इथला तोडगा चांगला आहे. १५९० चा मॅथ्यू एलिझाबेथ राणीचा हेर आहे, त्याचं नावही वेगळं, दोस्तमंडळी वेगळी, आणि त्यांच्यातल्या नाटककार ख्रिस्तोफर मार्लोला डायना डोळ्यांसमोर नको. पण सगळ्यात सरस भाग फ्रान्समधला, मॅथ्यूच्या घराण्याच्या सेत-तूरच्या गढीवरचा. आजच्या काळात मॅथ्यूचे वडील फिलिप हयात नाहीत. इथे ते समोर बसलेले आहेत आणि मुलाला तोंड उघडता येत नाही. म्हातारा बिलंदर. लेकाच्या नजरेवरूनच तो ओळखतो की पुढे आपण नसणार. त्या पानांवर जादूटोणा जवळजवळ नाहीच, आणि त्याची उणीवही भासत नाही.

जादूची घडण पक्की आहे. शिकलेले मंत्र डायनाला का साधत नव्हते, हा पहिल्या भागातला खटकणारा मुद्दा इथे सुटतो. ती ‘वीव्हर’ निघते, म्हणजे तिला स्वतःचे मंत्र स्वतःच विणावे लागतात. गुडी ऑल्सप ही वृद्ध चेटकीण तिला रंगीत दोऱ्यांच्या गाठी शिकवते, एकेक करत.

फसतं ते लंडनमध्ये. ब्लॅकफ्रायर्सच्या घरात माणसांची जत्रा भरते, आणि एकाच माणसाला कोणी नावाने, कोणी लाडाने, कोणी जहागिरीच्या नावाने हाक मारतं. हेन्री, हॅल आणि नॉर्थम्बरलंड हा एकच गृहस्थ, हे लक्षात येईपर्यंत पन्नास पानं जातात. पुस्तकाच्या शेवटी पात्रांची यादी दिली आहे आणि इतिहासात खरोखर होऊन गेलेल्यांपुढे चांदणी आहे. छापील प्रतीत तिथे बोट घालून वाचावं. ई-बुकात ती शेवटी दडलेली असते, म्हणून आधी शोधून खूण करून ठेवावी. कपड्यांची वर्णनंही फार. कॉलरच्या चुण्या चाळून पुढे गेलात तर काही बुडत नाही. आजच्या काळातली मधली छोटी प्रकरणं मात्र सोडू नका. दोघांनी मागे ठेवलेल्या खुणा तिथे वर येतात, त्या काळचा चित्रकार हिलिअर्ड याने काढलेली चिमुकली व्यक्तिचित्रंसुद्धा.

पुस्तक सहा खंडांचं आणि पाचशे पानांच्या वरचं. घाई असेल तर टीव्ही मालिकेचा २०२१ सालचा दुसरा हंगाम आहे, दहा भागांचा, पण फिलिपसाठी तरी पुस्तकच घ्या. आणि २०१४ चा तिसरा भाग, ‘द बुक ऑफ लाइफ’, आधीच आणून ठेवा. त्या तीन पानांचा हिशेब इथे पुरा होत नाही.