३५,८०० रुपयांची गादी आणि आत निघालेलं निळं रेक्झिन

मी तेवीस वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. लोकांनी आणलेले कागद परत पाठवणं हे माझं काम. "हे एस्टिमेट आहे, पक्कं बिल आणा," हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी म्हणते. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही जे म्हणाल ते माझं स्वतःला म्हणून झालंय आणि घरच्यांचंही म्हणून झालंय.

मिस्टरांना कमरेचा त्रास, एल-फोर एल-फाइव्ह, म्हणजे कमरेचे शेवटचे दोन मणके. घरात सासूबाईंच्या वेळची कापसाची गादी, मधे दबून तिची पार होडी झालेली. पूर्वी उन्हाळ्यात पिंजारी यायचा, गच्चीवर कापूस पिंजून नवी खोळ घालून द्यायचा. आता भांडुपमध्ये तो शोधायचा कुठे? डॉक्टर म्हणाले, गादी बदला, फार मऊ नको, फार कडकही नको. त्याच आठवड्यात पेपरातून पिवळं पत्रक पडलं. मुलुंडला लग्नाच्या हॉलमध्ये प्रदर्शन, 'फॅक्टरी ते ग्राहक', फक्त तीन दिवस, जुनी गादी द्या नवी न्या. असल्या सेलची जात तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होती.

गादीवरचं नाव असं की मोठ्या कंपनीचंच वाटावं, एक अक्षर तेवढं इकडचं तिकडे. सॅम्पल गादीची एक बाजू कापून वर पारदर्शक प्लास्टिक लावलेलं. आत पांढराशुभ्र लॅटेक्स, म्हणजे रबराचा फोम, त्याला बारीक बारीक भोकं. विकणारा मुलगा म्हणाला, "काकी, उचलून बघा. साधा फोम हलका असतो, लॅटेक्स जड." मिस्टरांना वाकायला बंदी, म्हणून मीच कोपरा उचलला. खरंच जड. शेजारी एक जोडपं होतं, त्यातली बाई "आमच्या नणंदेकडे हीच आहे" म्हणाली. आम्ही चहा पिऊन परत आलो तेव्हा तीच बाई दुसऱ्या कुणाला तेच सांगत होती. ते माझ्या कानावर पडलं. मी मनात म्हटलं, बोलक्या दिसतात.

लॅटेक्स जड असतो हे खरंच आहे. पण रीबाँडेडही जड असतो. रीबाँडेड म्हणजे फोमच्या कारखान्यातली कातरणं, तुकडे, चुरा चिकटवून दाबून केलेला ठोकळा. त्यामुळे वजनावर जाऊ नका. कडकपणावरही नको. "ऑर्थोपेडिक आहे काकी, कडक लागणारच," असं तो म्हणाला आणि डॉक्टरांचं वाक्य आठवत असूनही मी मान डोलावली. नंतर वाचलं की २००३ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास छापून आला होता, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. नंतर वाचून काय उपयोग. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द खोळीवर कुणीही छापू शकतो.

किंमत ३७,५००. जुन्या गादीचे ३,००० वजा, राहिले ३४,५००. त्यातले ५,००० लगेच. मग तो मुलगा हळूच म्हणाला, "बिल हवं असेल तर अठरा टक्के वर." चौतीस हजार पाचशेचे अठरा टक्के म्हणजे ६,२१०. हा हिशोब मी कॅल्क्युलेटर न काढता मनात केला आणि तेवढे पैसे वाचले म्हणून खूश झाले.

त्याने पॅड पुढे ओढलं. गुलाबी कागद, खाली कार्बन. सगळ्यात वर ठळक अक्षरात 'एस्टिमेट'. जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही, एक मोबाइल नंबर आणि रबरी शिक्का. मी तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. सवयच आहे ती, मागची बाजूही बघायची. ऑफिसात शिपायाने ३०० रुपयांच्या टॅक्सीसाठी असला कागद आणला तर मी परत पाठवते, आणि इथे चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. पैशाचा स्कॅनर लावला तर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं. तो म्हणाला, "भावाचं खातं आहे, आपला स्कॅनर अपडेट होतोय." मी पिन टाकला. रविवार होता, हॉलमध्ये गर्दी होती, मिस्टर उभे राहून कळवळत होते, हे सगळं खरं आहे. पण 'एस्टिमेट' मी वाचलं होतं, हेही खरं आहे.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. उरलेले २९,५००, टेम्पोचे ६००, तीन जिने चढवायची हमाली ४००. सॅम्पलला एका बाजूने चेन होती, आमच्या गादीला चारी बाजूंनी शिवण. विचारलं तर "चेन शोरूम पीसला असते." चेन नसेल तर घेऊ नका, आणि असेल तर पैसे द्यायच्या आधी ती उघडा. सासूबाईंची गादी ते त्याच टेम्पोत टाकून घेऊन गेले. चांगला वीस किलो कापूस होता तिच्यात.

दीड महिन्यात मिस्टरांच्या बाजूला खड्डा पडला. दोन महिन्यांनी मी टाके उसवायची छोटी कात्री घेतली आणि कोपऱ्यातून वीतभर शिवण उसवली. वर बोटभर जाडीचा पांढरा फोम, त्याला भोकं पाडलेली. त्याच्याखाली सगळा रंगीत चुरा, गुलाबी, हिरवा, करडा, मधे शिंप्याकडच्या असाव्यात तशा कापडाच्या चिंध्या आणि एक निळ्या रेक्झिनचा तुकडा, त्यावर स्कूटरच्या सीटवर असते तशी दुहेरी शिलाई. मिस्टर काही बोलले नाहीत. चटई घेऊन खाली झोपले.

मग सुरू झाली वरात. पत्रकावरचा नंबर बंद. हॉलवाले म्हणाले, आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो, पार्टीची माहिती देता येत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं, साहेब, लॅटेक्स सांगून चिंध्या दिल्या, पूर्वी याला ४२० म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ म्हणतात. ते हसले. "ताई, गादीचं ३१८?" बाजूचा हवालदारही हसला. तिसऱ्या खेपेला मी चुऱ्याची पिशवी घेऊन गेले, तर "टेबलावर ठेवू नका, कचरा होतो." खातं कुणाच्या नावावर आहे ते माझ्या मोबाइलवर दिसतंय, स्क्रीनशॉट पुढे धरला, तो बघायलाही कुणी हात पुढे केला नाही. ऑफिसातून तीन हाफ डे गेले. अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन फ्रॉड नाही, लोकल पोलिसांकडे जा. म्हणजे परत त्याच टेबलासमोर.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरची मुलगी नीट बोलली, पण तिने पहिल्याच मिनिटाला बिल, विक्रेत्याचं नाव, पत्ता विचारला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकीलही लागत नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. पक्क्या बिलासाठी ६,२१० भरले असते तर तो पत्ता माझ्या हातात असता. जीएसटीच्या साइटवर पंधरा आकडी-अक्षरी नंबर टाकला की धंद्याचं नाव आणि पत्ता फुकट दिसतो, महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. हॉलमध्ये उभं राहून एका मिनिटात होणारं काम. मी ऑफिसात रोज करते.

गादी भंगारवाल्यानेही घेतली नाही, उलट उचलून न्यायचे ३०० घेतले. तेही धरून एकूण ३५,८००. चुऱ्याची पिशवी, खोळीचा तुकडा आणि गुलाबी एस्टिमेट तेवढं ठेवलंय.

मुलुंडच्या त्या प्रदर्शनातून तुम्हीही घेतली असेल, तर कोपऱ्यातली शिवण चार बोटं उसवून बघा. आधी फोटो काढा, मग कात्री लावा, मी उलटं केलं. ग्राहक कायद्यात एकाच प्रकारे फसलेल्यांना मिळून तक्रार करता येते. आणि पोलीस ठाण्यात एकट्या बाईवर हसणं सोपं असतं, पाच-सहा जणी पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या तर बघू टेबलावर ठेवू देतात का.