शिकारीची कॅमो पॅन्ट बेळगावजवळच्या जांबोटीच्या रानात वापरली, दिसायला भारी पण गप्प बसत नाही

ऑनलाइन मागवलेला हा कॅमो (रानात दिसू नये असल्या प्रिंटचा) पॅन्ट-जॅकेटचा सेट 2400 ला पडला. परदेशात धनुष्यबाणानं शिकार करतात त्यांच्यासाठी बनवलाय असं लिहिलंवतं. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं शिकारीचा विषयच नाही, मी आपला कॅमेरा घेऊन जांबोटीच्या पुढं मामांच्या काजूच्या बागेच्या कडेकडेनं भेकर (भुंकणारं छोटं हरीण), शेकरू बघत फिरतो (भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही, तेवढं कळतंय). पण गरज तीच की, बाणवाल्याला 30-40 यार्डाच्या आत जावं लागतंय आणि माझ्या 300 एमएम लेन्सला भेकराचा बरा फोटो पाहिजे तर तेवढंच.

प्रिंट एकदम भारी, झुडपात उभा राहिलो तर शोधावं लागतंय. पण चालायला लागलं की मांडीला मांडी घासून सर्रसर्र सुरू, पॉलिस्टरचं कापड आणि वरनं पाणी लागू नये म्हणून कसलंतरी कोटिंग, घाणेरीची काटकी घासली की पत्र्यावर नख ओढल्यासारखं वाजतंय. त्यात खिशांना वेल्क्रो! कुणाच्या डोक्यातनं आलं काय की. भेकर पुढ्यात, मी बॅटरी काढायला खिसा उघडला, टर्रर्र झालं आणि ते भुंकत जे पळालं ते दिसलंच नाही परत. मामा तर म्हणाले, "तू येऊलास ते बांधावरनंच कळालं की रे."

आणि प्रिंटला एवढं भुलायचं कारणच नाही. हरणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, निळं मात्र चांगलं दिसतंय, त्यामुळं कपडे जास्त पांढरे करणाऱ्या पावडरीत धुतले तर उलट चमकतात त्यांना. रिठ्यानं धुवा, वासपण राहत नाही. वारा कुठनं येतोय ते चिमूटभर टाल्कम उडवून बघा, आपल्याकडनं त्यांच्याकडं जात असेल तर कितीबी गप्प चाला, उपयोग नाही.

त्यापेक्षा बेळगावात कॅम्पातल्या दुकानातनं घेतलेले कॅनव्हासचे साधे बूट लई कामाला आले. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच असल्यामुळं असला माल मिळतोय तिकडं. सोल पातळ आणि मऊ, पायाची बाहेरची कड आधी टेकवायची मग हळूच वजन टाकायचं, खाली काटकी असली तर मोडायच्या आधीच पायाला कळतंय. जाड ट्रेकिंग बुटात हे होणारच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा वाळका पाला, तेव्हा तर ह्याच्याशिवाय नकोच. काटा मात्र आरपार येतोय आणि पावसात हे बूट घालू नका, पाणी आणि जळवा दोन्ही आत.

सेट परत करतो म्हटलं तर विक्रेत्यानं घातलेला माल घेत नाही म्हणून सांगितलं. जॅकेट ठेवलंय, एका जागी बसून वाट बघायला चालतंय, त्याला 3 स्टार. पॅन्टीला 1. ती भाऊ रात्री उसाला पाणी पाजायला जाताना घालतोय, तिथं जेवढी वाजेल तेवढी रानडुकरं लांब.