शनिवारी क्लासिक, रविवारी स्केटिंग: अशा शर्यतीला स्किन स्की चालते का?

क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या क्लासिक प्रकारात, म्हणजे बर्फातल्या समांतर खाचांमधून सरळ पावलं टाकत जाताना, मागे न घसरण्यासाठी पायाखाली पकड लागते. स्किन स्की ती वॅक्सऐवजी केसांच्या पट्टीने देते. तिच्या तळाला, पायाखालच्या भागात, मोहेरची म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर लांब पट्टी बसवलेली असते. केसांचा कल मागच्या बाजूला. स्की पुढे सरकते तेव्हा ते दबून बसतात आणि मागे घसरू लागली की बर्फात रुततात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की जे जाणवतं, तेच. ही स्की फक्त हौशी लोकांसाठी असं अजूनही म्हटलं जातं. शर्यतीसाठी बनवलेल्या वरच्या श्रेणीतल्या जोड्यांना ते आता लागू होत नाही.

तिचा खरा फायदा वेगात नाही, वेळापत्रकात आहे. शनिवारी क्लासिक आणि रविवारी फ्री, म्हणजे स्केटिंग (पाय तिरपे बाहेर ढकलत जाणं), असा कार्यक्रम असेल आणि स्की स्वतःच तयार करायच्या असतील, तर शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ ग्रिप वॅक्सच्या, म्हणजे पकडीसाठी पायाखाली लावायच्या मेणाच्या, चाचण्यांतच संपते. स्किन स्कीला ते काम नाही. तेवढा वेळ रविवारच्या जोडीला देता येतो. ग्लाइड वॅक्स, म्हणजे स्की सहज घसरावी म्हणूनचं मेण, इस्त्रीने बसवायचं, २०-३० मिनिटं गार होऊ द्यायचं, स्क्रेपरने टोकाकडून शेपटीकडे काढायचं, मग ब्रश. हे घाईत केलं की रविवारी प्रत्येक उतारावर कळतं.

बर्फानुसार निकाल बदलतो. पारा शून्याच्या आसपास आणि वरून ताजा बर्फ पडतोय, हा वॅक्सवाल्यांचा सगळ्यात वाईट दिवस. हार्ड वॅक्सला (घट्ट ग्रिप वॅक्स) बर्फाचे गोळे धरतात, क्लिस्टरलाही (पातळ, चिकट ग्रिप वॅक्स) धरतात. तिथे स्किन स्की सरळ पुढे निघून जाते. कोरड्या थंडीत बारीक बर्फावर मात्र नीट लावलेलं हार्ड वॅक्स ग्लाइडमध्ये वरचढ ठरतं. सपाटीवर डबल पोलिंग करताना, म्हणजे दोन्ही पोलनी (हातातल्या काठ्यांनी) एकदम ढकलत जाताना, स्किनची ओढ पायाला जाणवते, सुर्र असा आवाजही येतो. रात्री गोठून काचेसारख्या झालेल्या ट्रॅकवर तर क्लिस्टरच हवं. केसांना तिथे रुतायला जागा नसते, चढावर पाय मागे सुटतो. असा ट्रॅक दिसत असेल तर स्किन स्की गाडीतच राहू द्या.

खरेदीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या स्कीचा कडकपणा, म्हणजे वजनाखाली ती किती दबते ते, निवडताना. स्कीवर छापलेला वजनगट ही फक्त सुरुवात आहे. एकाच गटातल्या दोन जोड्यांमध्येही फरक असतो. कागदाची चाचणी करूनच घ्या. सपाट कडक फरशीवर दोन्ही स्की ठेवून, पाय बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवायच्या पकडीच्या) जागी ठेवून उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर सारखं. दुसऱ्याने पट्टीखालून कागद पुढेमागे ओढायचा. थोडा अडखळला तरी चालेल, पण सरकला पाहिजे. मग सगळं वजन एका पायावर. आता कागद घट्ट अडकला पाहिजे. दोन्ही पायांवर असतानाच अडकत असेल तर स्की मऊ आहे, शर्यतभर ब्रेक लावून पळल्यासारखं होईल. एका पायावरही सुटत असेल तर कडक आहे, दमल्यावर चढावर पकडच मिळणार नाही. दोहोंच्या सीमेवरची जोडी असेल तर सरकवता येणारं बाइंडिंग घ्या: सेंटिमीटरभर पुढे नेलं की पकड वाढते, मागे नेलं की ग्लाइड.

पट्टी शुद्ध मोहेरची की नायलॉन मिसळलेली, हेही विचारा. शुद्ध मोहेर जास्त घसरतं पण लवकर झिजतं. मिश्र पट्टी जास्त पकडते, टिकते, पण हळू असते. शर्यतीला शुद्ध मोहेर, रोजच्या सरावाला मिश्र. पट्टी बदलता येणारी जोडी मिळाली तर दोन्ही सोय होते.

देखभाल लागत नाही, हा गैरसमज. पट्टी सोडून बाकी तळाला ग्लाइड वॅक्स लागतंच. इस्त्री वापरायची तर आधी पट्टीवर मास्किंग टेप चिकटवा, नाहीतर वितळलेलं वॅक्स केसांत शिरतं आणि पट्टीखालचा गोंदही तापून सुटतो. या स्कीला द्रव ग्लाइडर बरा: लावा, वाळू द्या, ब्रश मारा. ट्रॅकमध्ये इतरांचं क्लिस्टर सांडलेलं असतं, ते केसांना चिकटतं आणि मग त्याच जागी बर्फ धरतो. म्हणून शर्यत संपली की स्किन क्लीनर कापडावर घेऊन पुढून मागे पुसा. तीव्र वॅक्स रिमूव्हर वापरू नका, गोंद जातो. हीटरवर वाळवू नका. बर्फ धरू नये म्हणून मिळणारा द्रव आदल्या रात्री लावून मुरू द्या. स्टार्टवर उभं राहून लावलेला फारसा कामाचा नाही. पट्टीचं पुढचं टोक नखाने तपासा. तिथे जरा जरी उचललं असेल तर बर्फ आत घुसतो.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतींत २०२३-२४ च्या हंगामापासून फ्लोरिनयुक्त वॅक्सवर पूर्ण बंदी आहे आणि स्की तपासल्या जातात. जुनी जोडी घेत असाल तर आधी तळ नीट स्वच्छ करा. जुने ब्रश आणि जुनी इस्त्री बाजूला ठेवा, कारण फ्लोरिन त्यांतूनच परत येतं.

नियमांचे दोन मुद्दे शनिवारच्या क्लासिक शर्यतीशी संबंधित. शर्यतीत पोल बदलता येतात, पण स्की मोडली किंवा खराब झाली तरच बदलायची. पट्टीला बर्फ धरला एवढं कारण साधारणपणे पुरत नाही. ट्रॅकच्या बाहेर होऊन स्वतः खरवडायची मुभा आहे, हत्यार दुसऱ्याने दिलं तरी चालतं, हात मात्र तुमचेच. आणि क्लासिकचे पोल बुटांसकट उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब चालत नाहीत, त्यामुळे रविवारचे लांब पोल शनिवारी चुकून उचलू नका.

पट्टी कधी बदलायची? शेपटीकडून टोकाकडे उलटा हात फिरवा. टोचणं कमी झालं, मधले केस विरळ दिसू लागले, की तिचं आयुष्य संपलं. कृत्रिम बर्फाच्या खरखरीत ट्रॅकवर हे लवकर होतं, म्हणून अशा ट्रॅकवरच्या सरावाला जुनी जोडी काढा.